अठरावं मशीन : युद्धोत्तर जपानी शिवणयंत्राच्या एका दुरुस्तीचं प्रकरण

पार्श्वभूमी

ज्यांच्या मशीनची ही हकिकत आहे, त्यांना इथे नुसतं काकू म्हणतो. प्रत्यक्षातही मी त्यांना काकूच म्हणतो. मूळच्या मिरजेच्या, सत्तरीकडे झुकलेल्या, अमेरिकेतल्या ओहायो राज्यात एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत नोकरी करून निवृत्त झालेल्या. नाव, गाव आणि मशीनवरचा बॅज मुद्दाम सांगत नाही. मी टूलरूममध्ये काम करणारा माणूस. गेली काही वर्षं महिन्यातून एखादा शनिवार मी त्यांच्या तळघरात मशिनं खोलण्यात घालवतो.

काकूंचा संग्रह फार अरुंद आहे आणि तेच त्याचं बळ आहे. फक्त महायुद्धानंतरची जपानी मशिनं, फक्त सरळ टाक्याची, आणि तीही सिंगरच्या १५ क्रमांकाच्या धर्तीवर बनलेली. झिगझॅग मशीन कितीही सुंदर असलं तरी त्या हात लावत नाहीत. सुरुवात एका जुन्या वस्तूंच्या दुकानात १२ डॉलरला मिळालेल्या फिरोजी रंगाच्या मशीनने झाली. दुकानात त्यांनी ते मागे कलतं केलं, खालचा भाग पाहिला आणि त्यांना आईचं काळं उषा मशीन आठवलं. घरी आणल्यावर आईच्या मशीनची जपून ठेवलेली बॉबिन केस, म्हणजे खालच्या दोऱ्याची रीळ बसते ती डबी, त्यांनी यात घालून पाहिली. ती टक्कन बसली. हा टक् आवाज त्या आजही प्रत्येक नव्या पाहुण्याला ऐकवतात.

ती का बसली, हे कळलं तर पुढचं सगळं प्रकरण कळतं.

युद्ध संपलं तेव्हा जपानमध्ये शस्त्रास्त्रांच्या कारखान्यांतली यंत्रं आणि कुशल हात रिकामे झाले होते. ज्यूकी कंपनी युद्धकाळात रायफली बनवत होती. १९४७ मध्ये तिचं पहिलं घरगुती शिवणयंत्र बाहेर पडलं. टोयोटाचं पहिलं शिवणयंत्र त्याआधीच, १९४६ मध्ये आलं होतं. ब्रदर आणि जानोमे तर युद्धाआधीपासून या धंद्यात होत्या. अशा ढीगभर कारखान्यांनी वेगवेगळी मशिनं काढली असती तर सुट्या भागांचा गोंधळ झाला असता. म्हणून एकच नमुना ठरवला गेला: सिंगरचं १५ क्रमांकाचं मशीन, ज्याची पेटंटं केव्हाच संपली होती. त्याच्या भागांची मापं नक्की करून दिली आणि त्या नमुन्याला नाव मिळालं एचए-१. आपल्याकडे घरगुती मशीनच्या सुयांच्या पाकिटावर ‘एचए x १’ छापलेलं असतं, ते याच घराण्यातलं.

यामुळे एका कारखान्याचं बिडाचं धड, दुसऱ्याचं शटल (सुईखाली फिरून दोऱ्याचा फास उचलणारा भाग), तिसऱ्याची दोऱ्याच्या ताणाची चकती असं मशीन जुळवणं शक्य झालं. धडाच्या खालच्या बाजूला ‘जेए’ किंवा ‘जेसी’ आणि पुढे एक आकडा असतो. जेए म्हणजे मशीन जुळवणारा, जेसी म्हणजे ओतकाम करणारा. वरचा बॅज मात्र बऱ्याचदा अमेरिकेतल्या विक्रेत्याचा. १९४९ पासून एका डॉलरला ३६० येन हा दर बांधलेला होता, त्यामुळे हा माल अमेरिकेत स्वस्त पडायचा. दुकानदार शेकड्याने धडं मागवायचे आणि त्यावर अमेरिकन वाटेल असं नाव चढवायचे. म्हणून सारख्याच मशीनवर अक्षरशः शेकडो नावं सापडतात. पुढे पन्नाशीच्या दशकात काळ्या रंगाची जागा मोटारगाड्यांसारख्या दुरंगी छटांनी घेतली: फिरोजी-पांढरा, गुलाबी, पिस्त्याचा हिरवा.

जपानच्या आतली गोष्टही तितकीच मोठी आहे. बायका किमोनोकडून पाश्चात्त्य कपड्यांकडे वळत होत्या, तयार कपडे महाग आणि दुर्मीळ होते, शिवणकामाचे वर्ग भरभरून चालत होते आणि मशीन हप्त्याने मिळत होतं. काकूंना याचं फार अप्रूप आहे. त्या म्हणतात, “आपल्या आयांनी हेच केलं. मशीन आलं आणि घरात बाईच्या हातात चार पैसे आले.”

मशीन हाती आलं

२०२३ च्या शरद ऋतूत क्लीव्हलँडच्या बाहेर एका घरातल्या सामानाची विक्री होती. त्या घरातल्या आजी गेल्या होत्या आणि मुलं घर रिकामं करत होती. तिथे लाकडी टेबलात बसवलेलं एक काळं मशीन होतं. किंमत ४० डॉलर. काकूंनी टॉर्च लावून खांबाच्या मागची बारीक सोनेरी अक्षरं वाचली: मेड इन ऑक्युपाइड जपान.

हे शब्द साधारण १९४७ ते १९५२ एवढ्याच काळातल्या निर्यात मालावर सापडतात. एप्रिल १९५२ मध्ये दोस्तराष्ट्रांचा ताबा संपला आणि हे शब्दही गेले. काकूंकडच्या १७ मशिनांपैकी एकावरही ते नव्हते. काकांची मात्र जुनी अट होती: भिंतीवरच्या फळ्यांवर १७ मावतात, तेवढीच. काकूंनी घेतलं आणि मला फोन केला. “शनिवारी येशील का रे? एक आणलंय. चाक हलत नाही. पण बघशील तर वेडा होशील.”

अडचण

चाक खरंच हलत नव्हतं. मोटारच्या वायरींवरचं रबर बोट लावलं की भुगा होऊन पडत होतं. खांबावरची सोनेरी वेलबुट्टी शाबूत होती, बेडच्या, म्हणजे कापड सरकतं त्या सपाट भागाच्या, पुढच्या कडेला हात घासून घासून ती पुसट झाली होती.

आणि सुईच्या उजव्या बाजूला, बेडवर, कागदी चिकटपट्टीचा एक तुकडा होता. बोटभर लांब, चहाच्या डागासारखा तपकिरी झालेला. त्यावर पेन्सिलने ओढलेली एक उभी रेघ आणि शेजारी ५/८ (इंच) असा आकडा. शिवणीचं मार्जिन सारखं यावं म्हणून त्या आजींनी लावलेली खूण. कापड त्या रेघेला लावून सरकवायचं. पट्टीची डावी कड कापड घासून गुळगुळीत झाली होती आणि उजवी कड जशीच्या तशी करकरीत होती.

म्हणजे अडचणी तीन होत्या. मशीन जाम का झालंय? वीज पुन्हा जोडायची का? आणि त्या पट्टीचं काय करायचं, कारण तिच्याखाली सोनेरी नक्षीचा एक भाग दबलेला होता. तिसरी अडचण आम्हाला पहिल्या दिवशी अडचण वाटलीच नाही.

पर्याय

काकूंच्या तळघरात बसून आम्ही चार वाटा बोललो. पहिली म्हणजे काहीच न करता पुसून फळीवर ठेवणं. ‘ऑक्युपाइड जपान’चा शिक्का दुर्मीळ आहे, तेवढ्यासाठी ते मोलाचं आहे. काकूंनी ही लगेच नाकारली. जे मशीन शिवत नाही ते त्या संग्रहात ठेवत नाहीत. दुसरी, पूर्ण नव्यासारखं करणं: रंग, नवी वायरिंग, नवी नक्षी. ही मी नाकारली. अशा मशिनांना बाजारात एरवीही फारसं मोल नसतं आणि रंग काढला की ते कुठून आलं हे सांगणारं जे काही होतं ते सगळंच जातं. तिसरी, भागांसाठी मोडणं. ती कोणी गंभीरपणे घेतली नाही.

चौथी वाट उरली: आतून चालू करायचं, बाहेरून हात लावायचा नाही, आणि जे जे बदलू ते परत जसं होतं तसं करता यायला हवं. ही ठरली. वायरिंग नवी करण्याऐवजी मोटार आणि तिच्या वायरी जशाच्या तशा काढून डब्यात ठेवायच्या आणि मशीनला हातमशीनचं हँडल लावायचं, हेही तेव्हाच ठरलं. मिरजेहून आणलेलं एक हँडल आणि आऱ्यांचं चाक काकूंकडे पडून होतं. खांबावर जिथे मोटार बसते तिथेच ते बसतं, एकाच बोल्टने.

तत्त्व छान ठरलं होतं. चूक झाली ती पुढच्या दोन तासांत.

काय केलं

काकूंकडची आधीची बहुतेक जाम मशिनं एकाच कारणाने जाम झालेली होती: जुनं तेल आटून वार्निशसारखं घट्ट झालेलं. त्यामुळे हेही तसंच असणार असं आम्ही धरून चाललो. डावीकडची पत्र्याची झाकणी काढली. सुईच्या दांड्यावर खरंच तपकिरी थर होता. केरोसिनचे थेंब सोडले, हेअर ड्रायरने ऊब दिली, थांबलो, पुन्हा सोडले. हे चार दिवस चाललं. मी घरी गेल्यावर काकू रोज संध्याकाळी थेंब सोडत राहिल्या. वरचे भाग सैल झाले. चाक मात्र एका जागी येऊन धप्प अडायचं.

पाचव्या दिवशी काकू फोनवर म्हणाल्या, “अरे, तेल चिकट असतं तेव्हा चाक जड लागतं. हे जड नाही, हे अडतंय. एकाच जागी.” त्यांनी मशीन मागे कलतं केलं, खालच्या दोन खिट्ट्या फिरवल्या, कडं काढलं आणि शटल बाहेर घेतलं. शटलच्या खाचेत करड्या दोऱ्याची गाठ अडकली होती आणि शटलचं टोक तुटलेलं होतं.

या मशीनचं शटल पूर्ण गोल फिरत नाही. अर्धं पुढे जातं, सुईमागचा दोऱ्याचा फास उचलतं आणि परत येतं. ते फास उचलणारं टोक म्हणजे त्याचा जीव. कधीतरी दोरा अडकला असावा आणि कोणीतरी जोर लावून चाक फिरवलं असावं. टोक मोडलं आणि त्याचा कण दोऱ्यात गुंडाळून तिथेच राहिला. दोन खिट्ट्या फिरवून पाहायला दहा सेकंद लागतात. आम्ही चार दिवस वरून तेल सोडत होतो.

त्या चार दिवसांत आणखी एक झालं होतं. केरोसिन ओघळून बेडवर आलं आणि चिकटपट्टीच्या खालच्या कडेपर्यंत पोचलं. ती कड उचलली गेली. काकूंना वाटलं आता ती आपोआप सुटेल, तिच्याखालची नक्षी स्वच्छ दिसेल. त्यांनी कापसाच्या बोळ्यावर औषधी अल्कोहोल घेऊन कोपरा पुसला. प्रयोगशाळेत आयुष्य गेलेलं. काहीही स्वच्छ करायचं तर हात आपसूक अल्कोहोलकडे जातो. बोळा उचलला तेव्हा त्यावर सोनेरी ठिपका होता. बेडवरच्या नक्षीतून तांदळाच्या दाण्याएवढं पान गेलं होतं.

त्यांनी मला फोटो पाठवला आणि एवढंच लिहिलं, “मीच केलं.”

या नक्षीवर पारदर्शक लाखेचा पातळ थर असतो. अल्कोहोल आणि अमोनिया असलेली स्वच्छतेची पाणी तो थर विरघळवतात आणि मग खालचं सोनं उघडं पडतं किंवा निघून जातं. ते परत येत नाही. साधं शिवणयंत्राचं तेल आणि मऊ कापड एवढंच त्या भागावर चालतं. हे आम्हा दोघांना माहीत होतं. पण आम्ही पट्टीला मशीनचा भाग धरलं नव्हतं, घाण धरलं होतं, आणि घाणीसाठीची बाटली हातात घेतली गेली.

शनिवारी गेलो तेव्हा काकूंनी ठरवून टाकलं होतं: पट्टी राहणार. उचललेली कड त्यांनी तशीच सोडली, गोंदही लावला नाही.

शटल कुठून आणायचं

या प्रकरणातला खरा वादाचा निर्णय हा होता.

नवं शटल १५ डॉलरला मिळत होतं. आम्ही मागवलंही. बसत होतं, पण त्याच्या कडा खरखरीत होत्या आणि दोरा एका जागी अडखळत होता. ते घासून गुळगुळीत करता येतं, वेळ लागतो. दुसरीकडे काकूंच्या पहिल्या फिरोजी मशीनमध्ये उत्तम जुनं शटल होतं. काळ्यात घालून पाहिलं आणि चाक लोण्यासारखं फिरलं.

माझं म्हणणं होतं की नवं शटल काळ्यातच घालावं. एक मशीन आधीच अपुरं आहे, दुसरं पूर्ण आहे. पुऱ्याला का हात लावायचा? शिवाय नवा भाग नवा आहे हे कोणालाही पाहताक्षणी कळतं. जुना भाग दुसऱ्यातून आणून घातला तर पन्नास वर्षांनी बघणारा म्हणेल, हे असंच होतं.

काकूंचं म्हणणं वेगळं होतं. “ही मशिनं जन्मालाच एकमेकांच्या तुकड्यांवर आली. धड एकाचं, शटल दुसऱ्याचं. त्यासाठीच तर सगळ्यांनी एक माप मान्य केलं. मी शटल हलवलं तर त्या मशीनशी खोटं वागत नाही. नक्षी गेली ते खोटं झालं, कारण ती दुसरीकडून आणता येत नाही.”

मला हे पटायला वेळ लागला. आता मला वाटतं, मूळपणाचा प्रश्न या मशिनांना त्यांच्याच इतिहासातून विचारायला हवा. एखाद्या जर्मन मशीनमध्ये एकाच कारखान्यात घासून जुळवलेला भाग बदलणं आणि एचए-१ मध्ये शटल बदलणं, ही एकच गोष्ट नाही. इथे अदलाबदल हाच मूळ गुण आहे. एकदाच घडलेल्या गोष्टी वेगळ्या: लाख, नक्षी, शिक्का, धडाखालचा आकडा, आणि कोणाच्या तरी हातची पेन्सिलची रेघ.

पण माझी दुसरी शंका मी सोडली नाही आणि काकूंनी ती मान्य केली. भाग हलवायचा तर त्याची नोंद हवी. त्यांनी शंभर पानी वही काढली. प्रत्येक मशीनला एक पान: धडावरचे आकडे, बॅजचं नाव, कुठून घेतलं, आणि खाली ‘काय आलं, काय गेलं’. काळ्याच्या पानावर लिहिलं: शटल फिरोजीतून. फिरोजीच्या पानावर: शटल नवं, घासलेलं, मूळचं काळ्यात. तांदळाच्या दाण्याएवढी नक्षी गेली तीही तारखेसकट लिहिली, पुढे कारण: अल्कोहोल.

परिणाम

हँडल लावलं. १४ नंबरची सुई, सुती दोरा, ताण ४ वर. काकूंनी जुन्या नऊवारीचा तुकडा दुहेरी केला, पट्टीवरच्या रेघेला कड लावली आणि हँडल फिरवलं. वरचा दोरा खाली थोडा दिसत होता, म्हणजे वरचा ताण सैल होता. चकत्यांमध्ये जुन्या लोकरीचा धागा अडकला होता. तो काढल्यावर टाके दोन्ही बाजूंनी सारखे आले. त्या हिवाळ्यात या मशीनवर नातवासाठी पूर्ण गोधडी झाली, चार पदरी. हातमशीन असल्याने जाड जागी टाका टाका करून पुढे जाता आलं, आणि बिडाचं १३-१४ किलोचं धड टेबलावर तसूभरही हललं नाही.

हिशोब सांगतो. मशीन ४०, शटल १५, सुया आणि तेल मिळून १० डॉलरच्या आत. हँडल घरचंच. मोटार, तिचा पट्टा आणि मूळचं चाक एका डब्यात चिठ्ठी लावून त्याच फळीवर आहेत.

काय वेगळं करता आलं असतं

जाम मशीनवर तेल सोडण्याआधी शटल बाहेर काढून पाहायचं, हा आता आमचा पहिला नियम आहे. चाक जड आहे की अडतंय, हा फरक हाताला कळतो. त्याकडे आधी लक्ष दिलं असतं तर केरोसिन बेडवर आलंच नसतं, पट्टीची कड उचलली नसती आणि नक्षीही राहिली असती. एका चुकीच्या गृहीतकातून तीन नुकसानं झाली, आणि ते गृहीतक आमच्या अनुभवातूनच आलेलं होतं. सतरा मशिनं खोललेली नसती तर कदाचित आम्ही सगळीकडे पाहिलं असतं.

दुसरी गोष्ट, मशीनवर सापडलेलं काहीही पहिल्या दिवशी काढायचं नाही. पट्टी, टाचण्या, ड्रॉवरमधले बटणाचे डबे, सगळ्याचे आधी फोटो. मग एक आठवडा थांबायचं.

शटलच्या बाबतीत मात्र मी अजून चाचपडतोय. आम्ही दोन महिने थांबायला हवं होतं. फेब्रुवारीत काकूंना १० डॉलरला एक गंजलेलं, खांबाला तडा गेलेलं धड मिळालं, फक्त सुट्या भागांसाठी. त्यातलं शटल स्वच्छ केल्यावर आरशासारखं निघालं. ते आधी मिळालं असतं तर फिरोजीला हात लावावाच लागला नसता.

तोवर फिरोजी घरातून गेलं होतं. अठरा मशिनं आणि जागा सतराची. काकांनी अट मोडू दिली नाही, आणि काकूंनीही ती मोडायला सांगितली नाही. गावातल्या ग्रंथालयात शिवणाचा वर्ग चालतो, तिथे चौदा-पंधरा वर्षांची एक मुलगी दर आठवड्याला उसन्या मशीनवर बसायची. काकूंनी आपलं पहिलं मशीन तिला दिलं. वहीतल्या पानाची प्रत घडी करून ड्रॉवरमध्ये ठेवली आणि मुलीला आधी बॉबिन केस काढून परत घालायला लावली, टक् आवाज येईपर्यंत. मार्चमध्ये त्या गंजक्या धडातलं शटल घेऊन काकू तिच्या घरी गेल्या. मुलीने ते बदलून घेतलं, घासलेलं नवं शटल सुटा भाग म्हणून डब्यात टाकलं, आणि प्रतीवर ‘काय आलं, काय गेलं’च्या पुढे स्वतःच्या अक्षरात इंग्रजीत तारीख लिहिली.